डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे पालक आम्हाला नेहमी काय विचारतात

आम्ही कल्याण-डोंबिवली पट्ट्यातले पालक. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी एका शाळेचा वर्ग मागून घेतो आणि सकाळी दहाला जमतो. आमच्या प्रत्येकाच्या घरात डाउन सिंड्रोम असलेलं कुणी ना कुणी आहे. सगळ्यात लहान चार महिन्यांचं बाळ, सगळ्यात मोठे सत्तेचाळीस वर्षांचे एक काका, त्यांना त्यांच्या वहिनी घेऊन येतात. नवीन कुणी आलं की प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून ते एकदा लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. तेवीस वर्षांच्या मुलीची आई आहे. जिथे कायदा आणि वैद्यक येतं तिथे जपून लिहिलंय. जिथे अनुभव आहे तिथे जरा जास्तच बोललेय.

बाळाला डाउन सिंड्रोम आहे असं परवाच कळलं. सगळ्यात आधी काय करायचं?

बाळाला जवळ घ्या, दूध पाजा आणि बारशाची तारीख ठरवा. खरंच सांगतेय. बाळंतिणीच्या खोलीत येणारा प्रत्येक जण आवाज खाली आणून बोलतो आणि त्या कुजबुजीत बारसं राहून जातं. आमच्यातल्या एका घरी ते दीड वर्षांनी झालं, तेही आजी हटून बसली म्हणून.

या बाळांचे स्नायू सैल असतात. उचललं की हातातून ओघळतंय असं वाटतं. दूध ओढायला जोर कमी पडतो, पितापिताच झोप लागते. थोडं थोडं, वारंवार पाजावं लागतं, हनुवटीखाली बोटाचा आधार द्यावा लागतो. काहींना सुरुवातीला काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्यावं लागतं. पण ‘याला अंगावर पिता येणारच नाही’ असं कुणी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं तर लगेच मान डोलवू नका.

मग कागद. रक्ताची कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची, तपासणी झाली नसेल तर करून घ्या. चेहरेपट्टी आणि तळहातावरची एकच आडवी रेघ पाहून डॉक्टरांना शंका येते, खात्री या तपासणीनेच होते. अहवाल आला की चार झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कुणाच्याही हातात कायमची देऊ नका. हा कागद पुढे वीस वर्षं लागतो.

हे कशामुळे झालं? माझं काही चुकलं का?

नाही. ग्रहणात विळी हातात घेतल्याने नाही, पपई खाल्ल्याने नाही, सातव्या महिन्यात एसटीने माहेरी गेल्याने नाही. हे वाक्य सासरच्या सगळ्या मंडळींना एकत्र बसवून वाचून दाखवायला हरकत नाही.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. एकविसाव्या जोडीत दोनाच्या जागी तीन गुणसूत्रं आली की डाउन सिंड्रोम होतो. बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच ही विभागणी नीट होत नाही. म्हणजे जे व्हायचं ते दिवस राहण्याआधी किंवा राहतानाच होऊन गेलेलं असतं. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरने १८६६ मध्ये लक्षणांचं वर्णन केलं, म्हणून त्याचं आडनाव लागलं. ‘डाउन’ म्हणजे खालचं किंवा कमी असा काही अर्थ त्यात नाही. जास्तीचं गुणसूत्र असतं हे कळायला १९५९ साल उजाडलं, पॅरिसमध्ये जेरोम लेज्युन आणि मार्थ गोतिए यांच्या कामातून. तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख, २१ मार्च, जागतिक डाउन सिंड्रोम दिवस म्हणून पाळतात ती त्या तीन गुणसूत्रांवरूनच. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रसंघही हा दिवस पाळतो.

आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं. पंचविशीत साधारण बाराशे बाळांमागे एक, पस्तिशीत साडेतीनशेमागे एक, चाळिशीत शंभरामागे एक. पण मुळात बाळंतपणंच तरुण बायकांची जास्त होतात, त्यामुळे अशी बरीच बाळं तरुण आयांच्या पोटी जन्मतात. मी सव्वीसची होते.

पुढच्या बाळालाही होईल का?

कॅरिओटाइपचा अहवाल काय सांगतो त्यावर आहे. सुमारे ९५ टक्के मुलांत साधी ट्रायसोमी असते, म्हणजे एकविसावी गुणसूत्रं सुटी सुटी तीन. त्यात पुढच्या खेपेची शक्यता शंभरात एकच्या आसपास, आईचं वय जास्त असेल तर त्याहून थोडी अधिक. तीन-चार टक्क्यांत ट्रान्सलोकेशन असतं, म्हणजे एकविसाव्याचा जास्तीचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला. तसं असेल तर आईवडील दोघांचीही तपासणी करायलाच हवी, कारण ते कधी कधी घराण्यातून आलेलं असतं आणि मग आकडे पार बदलतात. उरलेली थोडी मोझेइक, म्हणजे काही पेशींत जास्तीचं गुणसूत्र असतं, काहींत नसतं. जनुकतज्ज्ञाकडे एकदा जाऊन या, तासाभराचं काम आहे.

पुढच्या गरोदरपणात अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातली सोनोग्राफी आणि रक्ततपासणी, किंवा आईच्या रक्तावरून होणारी एनआयपीटी, यांतून फक्त अंदाज मिळतो. खात्री वारेची किंवा गर्भजलाची तपासणी केल्यावरच. निदान झाल्यावर काय करायचं हे आमचा गट कुणालाही सांगत नाही, तो त्या घराचा प्रश्न आहे. एवढंच म्हणतो की ठरवण्याआधी एकदा असं मूल असलेल्या घरी चहाला जाऊन या.

कोणत्या तपासण्या चुकवू नयेत?

हृदयाची इको, पहिल्या महिन्यातच. जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो आणि स्टेथोस्कोपने तो दर वेळी कळतोच असं नाही. वेळेवर कळला तर शस्त्रक्रियेने बरेच दोष दुरुस्त होतात. उशीर झाला की फुप्फुसांवरचा दाब वाढतो आणि मग सर्जनही हात लावायला कचरतात.

थायरॉइड जन्मानंतर, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यापुढे दर वर्षी. इथे पालक हमखास चुकतात, कारण थायरॉइड कमी झाल्याची लक्षणं (सुस्ती, बद्धकोष्ठ, कोरडी कातडी, वाढणारं वजन) ‘ही मुलं अशीच असतात’ म्हणून खपून जातात. माझ्या मुलीची दोन वर्षं अशीच गेली. दिवसातून एक गोळी सुरू झाली आणि महिन्याभरात तिने स्वतःहून सायकल मागितली.

कान आणि डोळे तपासत राहा. कानाची नळी अरुंद असते, आत पाणी साठतं, मूल ऐकत नाही म्हणून आपण ओरडतो आणि त्याला खरंच ऐकू आलेलं नसतं. झोपेत मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. मानेचे वरचे मणके काहींचे सैल असतात, म्हणून कोलांट्या, जिम्नॅस्टिक, सूरमारी सुरू करण्याआधी विचारून घ्या. चाल अचानक बिघडली, मान दुखू लागली, लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोट सतत बिघडत असेल तर गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार, म्हणजे सिलिअ‍ॅक, तपासा. आपल्याकडे ज्वारी-नाचणीची भाकरी आहे, त्यामुळे निदान झालं तरी घर फारसं हादरत नाही. मात्र तपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नका, नाहीतर अहवाल चुकीचा येतो.

कधी बसेल, कधी चालेल, कधी बोलेल?

बसेल, चालेल. बरीचशी मुलं वर्षाच्या आसपास बसतात, दोनच्या आसपास चालतात. कुणी दीडला, कुणी साडेतीनला. बोलणं सगळ्यात मागे राहतं आणि समजणं त्याच्या पुष्कळ पुढे असतं. ‘त्याला काय कळतंय’ म्हणून त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोललेलं सगळं त्याला कळत असतं.

फिजिओथेरपी आणि वाचोपचार जितक्या लवकर सुरू कराल तितकं बरं. खासगी थेरपीचा खर्च दर महिन्याला कंबरडं मोडतो, म्हणून सरकारी वाट आधी पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात तपासायच्या ३० बाबींमध्ये डाउन सिंड्रोम नावानिशी आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं तपासणी पथक मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं, तिथे थेरपी मोफत असते. हृदयाच्या शस्त्रक्रियेचीही सोय या कार्यक्रमातून होते. अंगणवाडी ताईंना नुसतं ‘डीईआयसी’ म्हटलं तरी कळतं.

बाकीची थेरपी घरातच आहे. कणीक मळायला द्या, मटार सोलायला द्या, कपड्यांच्या चिमट्यांनी रुमाल वाळत घालायला लावा. बोटांत जोर येतो आणि मटारही सोलून होतात.

यावर औषध आहे का? स्टेम सेलने बरं होतं म्हणतात.

नाही. हा आजार नाही, त्यामुळे ‘बरं होणं’ असं काही नसतं. थायरॉइड, हृदय, कान यांवर उपचार असतात, जास्तीच्या गुणसूत्रावर नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांपलीकडे स्टेम सेल देणं हे मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करू नये असं आहे. तरी पॅकेजं विकली जातात. आमच्यातल्या एकांनी गावची जमीन विकून तीन इंजेक्शनं दिली. मुलगा होता तसाच आहे, गोड आहे, जमीन गेली. नवस बोला, कुलदैवताला जाऊन या, त्याला कुणाची ना नाही. फक्त शांतीच्या नावाखाली पन्नास हजार मागणाऱ्याला आधी इकोची तारीख सांगा.

लोकांना काय सांगायचं? कुठला शब्द वापरायचा?

‘हिला डाउन सिंड्रोम आहे.’ एवढंच. ‘वेडी’, ‘गतिमंद’, ‘मतिमंद’ हे शब्द कानावर येणारच. शाळांच्या जुन्या पाट्यांवर तर ते कोरलेले आहेत. कागदोपत्री आता ‘बौद्धिक अक्षमता’ आणि ‘दिव्यांग’ चालतं. जुन्या पुस्तकांत मंगोल हा शब्द सापडतो, तो जगभरातून १९६५ नंतर हळूहळू मागे पडला. ‘देवाचं लेकरू’ म्हणणारे मायेनेच म्हणतात, पण मला ते फार आवडत नाही. देवाचं म्हटलं की शाळेत घालायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

एक प्रसंग सांगते. लोकलच्या दिव्यांग डब्यात आम्ही दोघी चढलो. एक गृहस्थ म्हणाले, “धडधाकट दिसताय की दोघी, पुढच्या डब्यात जा.” मी पर्समध्ये कार्ड शोधत होते, तेवढ्यात लेकीने गळ्यातलं कार्ड काढून त्यांच्या नाकासमोर धरलं आणि म्हणाली, “काका, वाचा.” त्यांनी वाचलं. मग सरकून जागा दिली आणि ठाण्यापर्यंत तिच्याशी क्रिकेटवर बोलत बसले. तेव्हापासून कार्ड तिच्याच गळ्यात असतं, माझ्या पर्समध्ये नाही.

चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं शिक्षेची तरतूद आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे कलम एकदा लेखी कळवलं की बागेतल्या बऱ्याच तक्रारी थांबतात, असा आमचा अनुभव.

दिव्यांग प्रमाणपत्र कसं काढायचं? ते काढलं तर मुलावर शिक्का बसेल का?

शिक्का म्हणाल तर चेहऱ्यावरून लोक आधीच मारून मोकळे होतात. प्रमाणपत्राने निदान बसचं तिकीट तरी कमी होतं.

दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत (एकवीस हा आकडा आमचा पिच्छा सोडत नाही). डाउन सिंड्रोम त्यात वेगळा नाही. आपली मुलं बौद्धिक अक्षमतेखाली येतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणीला सरकारी रुग्णालयात जायचं, वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड नंतर येतं. लहान मुलांना ‘विकासात विलंब’ अशी तात्पुरती नोंद मिळते, कारण तेवढ्या वयात बुद्ध्यांक मोजता येत नाही. पाच वर्षांनंतर बुद्ध्यांकाच्या आणि रोजचं स्वतःचं किती जमतं याच्या चाचण्यांवरून दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात. वय वाढेल तसं नूतनीकरण, आणि अठरानंतर कायमचं.

चाचण्यांची नावं ऐकून घाबरू नका, त्यातल्या दोन तर आपल्याच अंगणातल्या आहेत. बिने-कामत ही वि. वि. कामतांनी १९३० च्या दशकात धारवाडला मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. आणि मुलाला रोजचं स्वतःचं किती जमतं हे पाहणारी व्हाइनलँड मापिका डॉ. मालिन यांनी नागपूरला भारतीय मुलांसाठी बेतली.

आता व्यवहाराचं. सकाळी लवकर नंबर लावा, पण मुलाला उपाशी नेऊ नका. आमच्या वेळी साडेचार तास बाकावर बसून मुलगी कंटाळली. आत गेल्यावर तिने एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, फक्त टेबलावरच्या टाचण्या रंगांप्रमाणे लावल्या. डॉक्टरांनी टाचण्यांकडे पाहिलंच नाही; कागदावर जे आलं ते तिच्या मानाने फार खालचं होतं. पुढच्या खेपेला आम्ही डबा, रंगीत खडू आणि तिची शाळेची वही नेली, वही दाखवली. काही पालक उलटं करतात, टक्के वाढावेत म्हणून मुलाला ‘काही बोलू नकोस’ सांगून नेतात. तसं करू नका. कमी दाखवायची सवय मुलालाच लागते, आणि पुढे नोकरीसाठी तेच प्रमाणपत्र पुढे करावं लागतं.

त्यावर काय काय मिळतं?

प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक असेल तर एसटीत ७५ टक्के सवलत. रेल्वेत शयनयान आणि एसी थ्री टियरला ७५ टक्के, सोबत जाणाऱ्यालाही तेवढीच; पण रेल्वेचा नमुना आणि कार्ड वेगळं आहे, ते आधी काढावं लागतं. आयकरात जुनी करप्रणाली घेतली असेल तर ४० टक्क्यांवर ७५ हजार आणि ८० टक्क्यांवर सव्वा लाखाची वजावट, प्रत्यक्ष खर्च किती झाला ते न बघता. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते, त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीही धरतात, विम्याआधी वैद्यकीय तपासणी मागत नाहीत. दर वर्षी नूतनीकरण मात्र आपल्यालाच लक्षात ठेवावं लागतं. उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात विचारा.

सरकारी नोकरीतल्या पालकांनी एक काम आजच करावं. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्यासाठी मुलाचं नाव आणि प्रमाणपत्र आपण नोकरीत असतानाच कार्यालयात नोंदवा. आईवडील गेल्यावर भावंडांनी फाइल शोधत फिरणं फार कठीण जातं.

शाळा साधी की विशेष?

यावर आमच्या बैठकीत दोनदा भांडणं झाली आहेत, त्यामुळे हे माझं मत समजा. बालवाडी आणि पहिली-दुसरी शक्यतो घराजवळच्या साध्या शाळेत. गाणी, डबा, रांग, भांडण हे सगळं इतर मुलांकडून आपोआप उचललं जातं. पुढे अभ्यास झेपेनासा झाला आणि शाळेत विशेष शिक्षक नसेल, तर मागच्या बाकावर नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा विशेष शाळा बरी. कायद्याने ४० टक्क्यांवरच्या मुलाला ६ ते १८ वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. दिव्यांग म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ‘आमच्याकडे सोय नाही’ असं तोंडी सांगतात. ते लेखी मागा. लेखी मागितलं की सोय निघते असं आम्ही तीनदा पाहिलंय. दहावीसाठी राज्य मंडळाच्या सवलती आहेत, मुक्त विद्यालयाचाही रस्ता आहे.

महाराष्ट्रात विशेष शाळांची परंपरा मोठी आहे: मुंबईची जय वकील १९४४ पासून, पुण्याची कामायनी १९६४ पासून, नाशिकची प्रबोधिनी १९७७ पासून. प्रबोधिनी सुरू करणाऱ्या रजनीताई लिमये स्वतः अशा मुलाच्या आई होत्या.

मोठ्या मुलीचं लग्न जमायला अडचण येईल का?

येऊ शकते, खोटं कशाला सांगू. पण लपवून जमवलेलं स्थळ पहिल्या दिवाळसणालाच उघडं पडतं. पहिल्या भेटीतच धाकट्याला चहाचा ट्रे घेऊन बाहेर येऊ द्या. ज्यांना जायचं ते तिथूनच जातात. साधी ट्रायसोमी असेल तर भावंडांच्या मुलांना धोका वाढत नाही, तो अहवाल फाइलमध्ये तयार ठेवा. आणि मोठीला मधूनमधून एकटीला सिनेमाला न्या. या घरांतली भावंडं फार लवकर शहाणी होतात.

मुलगी वयात येतेय. गर्भाशय काढून टाकावं का?

नाही. हा प्रश्न दर चार-सहा महिन्यांनी येतो, बहुतेकदा आई रडत विचारते. तिला भीती पाळीची नसते, अत्याचाराची असते. गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा लपतो. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मुलींच्या अशा शस्त्रक्रिया पुण्यात झाल्या तेव्हा देशभर संताप उसळला होता. आज कायदाच सांगतो की दिव्यांग व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीवाचून मूल होण्याची क्षमता जाईल असा उपचार करता येत नाही.

पाळी शिकवता येते. आमच्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलेलं असतं, त्यावर ती स्वतः लाल टिकली चिकटवते. पॅड कसं लावायचं हे आधी बाहुलीच्या चड्डीवर लाल शाई टाकून शिकवलं, सहा महिने. आता तीच मला आठवण करते की दुकानातून आणायचंय. कुणी हात लावला तर ‘नको’ म्हणायचं, ओरडायचं आणि येऊन सांगायचं, याचाही सराव करून घ्या. आणि तिने सांगितलं तर विश्वास ठेवा. अठराखालच्या मुलामुलींना पॉक्सो कायदा लागू होतो. मुलग्यांनाही हे सगळं शिकवायचं असतं, ते आपण विसरतो.

अठरा पूर्ण झाल्यावर आम्ही पालक नाही का राहत?

आईवडील राहता, कायद्याने पालक राहत नाही. ती व्यक्ती सज्ञान होते. तिच्या नावे मालमत्ता, मोठा व्यवहार, निवृत्तिवेतन असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली कायदेशीर पालकत्व घेता येतं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, कोर्टात जावं लागत नाही. अर्ज करताना पर्यायी नाव, म्हणजे काका, मामा, बहीण, मनात धरून ठेवा; तुम्ही साठीला आलात की तो प्रश्न येणारच.

पण प्रत्येक गोष्टीला पालकत्व लागतं असं नाही. मतदान तिचं तिने करायचं. बँकेत खातं उघडताना अधिकारी माझ्याकडे बघून म्हणाले, “हिला सही येते का?” लेकीने त्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि आडनावासकट सही केली, सावकाश, ‘ळ’ची गाठ नीट वळवून. मग पेन परत केलं आणि म्हणाली, “तुमची?” हसत त्यांनीही केली.

नोकरीचं काय?

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांच्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार वगैरे गटाला मिळून आहे. पदरात फार थोड्यांच्या पडतो. खरी कामं मिळतात ती छोट्या ठिकाणी. आमच्यातला एक जण वाण्याच्या दुकानात पुड्या बांधतो, एक मुलगी ब्युटी पार्लरमध्ये टॉवेल आणि नोंदवही सांभाळते, दोघं कॅफेत आहेत. माझी लेक एका पोळीभाजी केंद्रात डबे भरते. ती एकही डबा चुकवत नाही. कुणाला कारलं चालत नाही हे मालकिणीपेक्षा तिला जास्त पाठ आहे. पगार हातात पडायला हवा आणि तो तिच्याच खात्यात, यावर अडून राहा. ‘वेळ जातो ना तिचा’ हा पगार नव्हे.

आमच्यानंतर कोण?

सगळ्यांना आधी हाच विचारायचा असतो, पण विचारतात शेवटी, चपला घालताना.

पूर्वी ही मुलं आपल्या डोळ्यांसमोरच जात. आता हृदयावर उपचार होतात आणि साठीपर्यंतचं आयुष्य नवलाचं राहिलेलं नाही. त्यामुळे प्रश्न खरा आहे. मृत्युपत्र करा, त्यात नुसतं ‘भावाने सांभाळावं’ असं लिहू नका. राहायचं कुठे, पैसे कुठून येणार, ते कोण काढणार हे लिहा. वडील गेल्यावर फ्लॅट विकला गेला आणि मुलगा तीन बहिणींच्या घरी चार-चार महिने फिरत राहिला, असं आम्ही पाहिलंय. बहिणी वाईट नव्हत्या, कागद नव्हता. बदलापूरची ‘आधार’सारखी निवासी संस्था पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. जागा पाहायची तर मूल तिशीत असतानाच पाहून ठेवा, सुट्टीत आठ-आठ दिवस राहायला पाठवा, म्हणजे पुढे ती जागा परकी वाटत नाही.

आणखी एक. चाळिशीनंतर या मंडळींना विस्मरणाचा आजार लवकर गाठू शकतो. अल्झायमरशी संबंध असलेलं एक जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच असतं. आमचे सत्तेचाळीस वर्षांचे काका मध्यंतरी घराचा मजला विसरू लागले. वहिनींनी डॉक्टर गाठले, तर थायरॉइड निघाला. म्हणून ‘वय झालं’ म्हणण्याआधी तपासा.

मुलाचे बाबा बैठकीला यायला तयार नाहीत.

बोलायला बोलावू नका, बाके उचलायला बोलावा. चार बैठकांनंतर आपोआप बोलतात.

पहिल्यांदा येताना काय आणायचं?

अहवालांची फाइल, पाण्याची बाटली, मुलाचा खाऊ. वर्गणी नाही. चहा आमचा, कप तुम्ही विसळायचे. बाळाला आजीकडे ठेवून येऊ का, असं बरेच जण विचारतात. घेऊनच या. मागच्या महिन्यात एक जोडपं एकटंच आलं तर माझ्या लेकीने दारातच अडवलं, “बाळ कुठंय?” हजेरीची वही तिच्याकडे असते आणि तिच्या वहीत बाळाचं नाव आधी लिहितात, आईबाबांचं त्याखाली. बारसं झालं नसेल तर ती रकाना मोकळा ठेवते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारते.